ग्रँड नदीच्या खळाळात एक दिवस

पहाटे ५.००

व्हॅनमध्ये भरायच्या सामानाची यादी तोंडपाठ असली तरी वाचूनच भरायचं, हा आमच्या प्रयोगशाळेचा नियम. पाठीवर घ्यायची इलेक्ट्रोफिशिंगची दोन यंत्रं, बॅटऱ्या, छातीपर्यंत येणारे वेडर, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, हातजाळी, बादल्या, बादलीत हवा सोडायचे पंप, ड्राय आइसचा खोका, तराजू, कात्र्या, चिमटे, जलरोधक कागदाच्या नोंदवह्या. परवाना सगळ्यात वर ठेवायचा. ऑन्टॅरिओत संशोधनासाठी मासा धरायचा तर प्रांत सरकारचा परवाना लागतो, आणि तो मारायचा असेल तर प्राणी-नीतिसमितीची मंजुरीही लागते. मला हा जाच वाटत नाही. जीव घ्यायचा, तर का घेतोय हे आधी लिहून द्यावंच लागावं.

मे महिना नुकताच लागलाय. बर्फ वितळून फुगलेली नदी ओसरली आहे आणि रेनबो डार्टर नावाचा बोटभर लांबीचा मासा अंडी घालायच्या बेतात आहे. वर्षभर मातकट दिसणारा त्याचा नर या दिवसांत निळ्या पट्ट्यांनी आणि नारिंगी-तांबड्या रंगाने उजळतो. हा रंग संप्रेरकांच्या जोरावर चढतो. संप्रेरकांबद्दल माशाला काही विचारायचं असेल तर हेच आठवडे हाताशी असतात.

सकाळी ६.३०, वेस्ट मोंट्रोज

किचनर आणि वॉटरलू ही जुळी शहरं खाली राहिली. इथे नदीवर १८८१ सालचा, वरून लाकडी छप्पर घातलेला पूल आहे आणि रस्त्यावर मेनोनाइट शेतकऱ्यांच्या घोडागाड्या दिसतात. ग्रँड नदी पुढे शहरांना वळसा घालत दक्षिणेला इरी सरोवराला मिळते. आमच्या लेखी ही ‘वरची’ जागा, म्हणजे मोठ्या शहरांचं सांडपाणी मिसळण्याआधीची नदी. आसपास शेती आणि गुरं असल्यामुळे पाणी अगदी निर्मळ आहे असं कोणी म्हणणार नाही. पण तुलनेला काहीतरी हवं. दिवसाची सुरुवात नेहमी वरून करायची, म्हणजे खालच्या पाण्याने ओले झालेले वेडर आणि जाळी वर येत नाहीत.

डार्टर पकडणं वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक माशांच्या पोटात तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी असते, याच्या पोटात नसते. विजेचा हलका झटका बसल्यावर इतर मासे उलटे होऊन वर येतात, हा मात्र दगडांच्या फटीत तसाच पडून राहतो. म्हणून एकाने काठीच्या टोकाचं कडं दगडाजवळ न्यायचं आणि दुसऱ्याने प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाशी जाळं टेकवून दगड पायाने हलवायचा. मासा वाहत आला तर जाळ्यात, नाहीतर गेला. पाठीवरचं यंत्र टिक्-टिक् वाजत राहतं आणि ते वाजत असेपर्यंत हात पाण्यात घालायचा नाही.

तळाला चिकटून राहण्याची ही सवयच त्याला आमच्या उपयोगाचा बनवते. मोठा मासा मैलोनमैल फिरतो, त्याच्या अंगात दिसलेला बिघाड कुठल्या पाण्यातला ते सांगता येत नाही. डार्टर आपला खळाळ सहसा सोडत नाही. ज्या दगडाखाली सापडला, त्या दगडावरून वाहिलेल्या पाण्याचीच साक्ष तो देतो.

सकाळी ८.१५

काठावर घडीचं टेबल मांडलं. माशाला भूल देणाऱ्या औषधाच्या पाण्यात सोडायचं, शांत झाला की लांबी आणि वजन घ्यायचं, मग एका झटक्यात मणका तोडायचा. पुढचं सगळं भराभर, कारण ऊती मेल्यावर लगेच बिघडू लागतात. पोटावर कल्ल्यांकडे जाणारी चीर, आत यकृत, आणि पाठीच्या बाजूला दोन पांढुरक्या बारीक पट्ट्या. ही वृषणं. दीड-दोन ग्रॅमच्या माशात त्यांचं वजन मिलिग्रॅममध्ये भरतं, त्यामुळे वारा सुटला की तराजूभोवती आडोसा धरावा लागतो. शरीराच्या वजनात जननग्रंथीचा वाटा किती टक्के, हा आमचा पहिला आकडा.

यकृताचा तुकडा ड्राय आइसवर जातो. वृषणाचे दोन भाग करायचे, एक स्थिरीकरणाच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकासाठी आणि दुसरा जिवंत ठेवायला पोषक द्रावणात.

यकृत कशाला, असं नवीन आलेली मुलं हमखास विचारतात. अंडी घालणाऱ्या प्राण्यांत अंड्यातला बलक ज्या प्रथिनापासून बनतो ते व्हायटेलोजेनिन यकृतात तयार होतं. मादीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन रक्तात येतं आणि यकृताला कामाला लावतं. नराच्या यकृतातही ते जनुक असतंच, फक्त त्याला कोणी हाक मारत नाही. नदीतल्या पाण्यातून कल्ल्यांवाटे इस्ट्रोजेन आत आलं की नराचं यकृतही बलकाचं प्रथिन बनवायला लागतं. त्याला अंडी घालायची नसतात, पण यकृताला ते कळायला मार्ग नाही.

सकाळी १०.४५, किचनरच्या खाली

गाडीने शहर ओलांडून डून भागात आलो. किचनरच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचं प्रक्रिया केलेलं पाणी इथे नदीत मिसळतं. आज पाणी स्वच्छ दिसतंय, वासही जवळपास नाही. गडद काचेच्या बाटल्या भरून घेतल्या. प्लॅस्टिक नको, कारण काही प्लॅस्टिकमधूनच संप्रेरकांची नक्कल करणारी रसायनं पाण्यात उतरतात.

या जागेचं नाव माशांच्या अभ्यासकांत जगभर माहीत आहे, आणि सुरुवातीला ते वाईट कारणाने झालं होतं. २००७ ते २०१२ या काळात इथे पकडलेल्या नर डार्टरांपैकी ७० ते १०० टक्के नरांच्या वृषणात अंडपेशी सापडत होत्या. शास्त्रीय भाषेत याला इंटरसेक्स म्हणतात. वृषण वृषणच राहतं, शुक्रपेशी बनवतं, पण त्यांच्या मध्येच अंडपेशीही वाढू लागतात. थोड्याफार असल्या तर नराचं बहुधा निभावतं. पण २०१५ साली याच नदीतल्या डार्टरांवर प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं, की ज्या ठिकाणी हा बिघाड तीव्र होता तिथल्या नरांकडून अंडी फलित होण्याचं प्रमाण खरोखर घटलं होतं.

बरोबर आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्याने बाटलीचं बूच लावता लावता विचारलं, “हे सगळं गर्भनिरोधक गोळ्यांमुळेच ना?” हा प्रश्न मला दर हंगामात ऐकू येतो आणि दर वेळी मी काम थांबवून उत्तर देते. गोळीतलं एथिनिलइस्ट्रॅडिऑल फार प्रबळ असतं आणि सहजी मोडत नाही, हे खरं. ऑन्टॅरिओच्या वायव्येकडच्या प्रायोगिक सरोवरांपैकी २६० क्रमांकाच्या तळ्यात २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे ते मुद्दाम सोडलं गेलं. लिटरमागे ५ ते ६ नॅनोग्रॅम. म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात चहाचा एक चमचा साखर टाकावी इतकंच. तेवढ्याने तिथल्या फॅटहेड मिनो या छोट्या माशाचे नर मादीसारखे होऊ लागले, प्रजनन कोलमडलं आणि तळ्यातली त्याची वस्ती जवळपास संपली. पुढे औषध सोडणं थांबल्यावर काही वर्षांनी ती सावरली. पण शहराच्या सांडपाण्यात फक्त गोळी नसते. इस्ट्रॅडिऑल आणि इस्ट्रोन ही नैसर्गिक संप्रेरकं प्रत्येकाच्या लघवीतून जातात, पुरुषांच्यासुद्धा. शरीर ती बाहेर टाकताना त्यांना एक रेणू जोडून निष्क्रिय करतं, आणि गटारातले जिवाणू तो जोड तोडून त्यांना पुन्हा कामाचं करून टाकतात. शिवाय धुण्याच्या रसायनांतून येणारं नोनिलफेनॉल आहे, गुरांच्या गोठ्यातून वाहून येणारं पाणी आहे. एवढं सगळं बाजूला ठेवून बायकांच्या गोळीकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि अन्यायाचंही. किचनरच्या खाली नेमक्या कोणत्या रसायनाने अंडपेशी उगवल्या, हे संशोधकांनीही ठामपणे म्हटलेलं नाही.

दुपारी १२.१०

गळ टाकून बसलेला एक वयस्कर माणूस आमच्या बादलीत डोकावला. “इथला मासा खावा का?” मी त्याला प्रांत सरकारच्या मासे खाण्याविषयीच्या मार्गदर्शिकेत बघायला सांगितलं, तिथे जागा आणि मासा यांप्रमाणे पारा वगैरेचा विचार केलेला असतो. आम्ही ज्याच्या मागे आहोत तो त्रास खाणाऱ्याआधी माशाला आहे. चोवीस तास तो हेच पाणी कल्ल्यांतून ओढतो.

गळवाल्यांशी मी आदराने बोलते, त्याला कारण आहे. या विषयाची सुरुवातच त्यांच्यामुळे झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ली नदीच्या खोऱ्यात, सांडपाणी केंद्राच्या तळ्यांत गळ टाकणाऱ्यांना रोच जातीचे असे मासे मिळू लागले की नर म्हणावं की मादी ते कळेना. मग संशोधकांनी ट्राउट मासे पिंजऱ्यात घालून सांडपाण्याच्या तोंडाशी ठेवले. काही आठवड्यांत त्यांच्या रक्तात बलकाचं प्रथिन हजारो पटींनी वाढलं. हे १९९४ मध्ये छापून आलं. १९९८ साली ब्रुनेल विद्यापीठातल्या सुझन जॉबलिंग, जॉन सम्पटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे पिंजऱ्यापुरतं नाही, ब्रिटनच्या नद्यांमधल्या रानटी रोचमध्ये ते सर्रास आहे. एअर आणि नेन या नद्यांत सांडपाण्याच्या खाली पकडलेला एकूण एक नर इंटरसेक्स निघाला. पहिला धागा मात्र घड्याळ न बघता काठावर बसणाऱ्या माणसांनी हाती दिला होता.

डब्यातली पोळी-भाजी व्हॅनच्या पायरीवर बसून संपवली.

दुपारी २.३०, प्रयोगशाळा

आता वेळेशी शर्यत. वृषणाचे जिवंत तुकडे खाचा पाडलेल्या ताटलीत, प्रत्येक खाचेत मोजून पोषक द्रावण, आणि ताटली नदीच्या तापमानाला ठेवलेल्या उबवणपेटीत. रात्रभर हे तुकडे माशाबाहेर राहूनही संप्रेरकं बनवत राहतील. माणसाचं मुख्य पुरुष-संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. माशांत त्याच्याच जोडीने ११-कीटोटेस्टोस्टेरॉन असतं, आणि रंग चढवणं, शुक्रपेशी पिकवणं ही कामं मुख्यतः त्याची. कोणत्या तुकड्याने ते किती बनवलं ते द्रावणात मोजायचं. शहराच्या खालच्या जागी पूर्वी हे उत्पादन मंदावलेलं आढळलं होतं.

ते का मंदावतं, हे समजून घेण्यासारखं आहे. मेंदू, पीयूष ग्रंथी आणि जननग्रंथी यांच्यात सतत निरोपांची ये-जा असते. रक्तात लैंगिक संप्रेरक पुरेसं झालं की मेंदू पीयूष ग्रंथीला थांबवतो, तिचा निरोप थांबला की वृषणाचं काम हळू होतं. बाहेरून आलेलं इस्ट्रोजेन या व्यवस्थेत शिरलं, की काम पुरे झालं असा मेंदूचा समज होतो. नराचं स्वतःचं संप्रेरक कमी पडतं आणि परकं जास्त होतं. त्यात माशांच्या जननग्रंथीत नर किंवा मादी होण्याची लवचीकता आपल्यापेक्षा फार मोठी. म्हणून अंडपेशी उगवायला तिथे जागा मिळते.

दुपारी ४.००

सूक्ष्मदर्शक. हा माझ्या दिवसाचा सर्वांत आवडता तास. मेणात बसवून पातळ कापलेले, निळ्या-गुलाबी रंगात रंगवलेले वृषणाचे छेद काचपट्टीवर असतात. पट्टीवर फक्त क्रमांक. मासा कुठल्या जागेचा, कुठल्या वर्षाचा हे मला माहीत नसावं, म्हणून क्रमांकांची किल्ली दुसऱ्याकडे ठेवतात. अपेक्षा असली की डोळ्यांना दिसायला लागतं.

पहिल्या पट्टीत सगळं जागच्या जागी. छोट्या छोट्या कप्प्यांत शुक्रपेशींचे गडद ठिपके, इतके दाट की कप्पे जांभळे दिसतात. दुसरीही तशीच. तिसरी पट्टी सरकवली आणि हात थांबला. कप्प्यांच्या मधोमध एक गोल, निळसर, शुक्रपेशीच्या मानाने अवाढव्य पेशी. आत फिकट केंद्रक आणि त्याच्या कडेने ठिपके. तिच्या शेजारी दुसरी, पुढे चारपाच जणींचा घोळका, आणि त्यांच्या रेट्याने दबून बारीक झालेले शुक्रपेशींचे कप्पे. या अंडपेशी कधी पिकणार नाहीत आणि नर त्या कधी घालणार नाही, त्या नुसती जागा अडवून आहेत. एका बोटभर माशाच्या अंगात एका शहराचं सांडपाणी वाचता येतं, हे मला अजूनही हलवून सोडतं.

संध्याकाळी ५.३०

किल्ली उघडली. तिसरी पट्टी २०१२ च्या आधीची, जुन्या साठ्यातली. नवे अभ्यासक नीट ओळखतात का, हे ताडायला अशा पट्ट्या मुद्दाम मिसळलेल्या असतात.

या नदीची जी गोष्ट मला जन्मभर सांगत राहावीशी वाटते, ती इथून सुरू होते. किचनरच्या केंद्रात २०१२ मध्ये मोठी सुधारणा झाली. माशांच्या संप्रेरकांसाठी नव्हे, अमोनियासाठी. सांडपाण्यातला अमोनिया माशांना विषारी असतो आणि नदीतला प्राणवायू खातो. त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. त्यांना टाकीत टिकवायचं तर गाळ जास्त दिवस आत ठेवावा लागतो आणि खालून हवाही जास्त सोडावी लागते. तेवढंच केलं. पण जास्त दिवस राहिलेल्या त्या गाळात इतरही सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंना सवड मिळते, आणि नैसर्गिक इस्ट्रोजेनं अशा गाळात चांगली मोडतात. बाहेर पडणाऱ्या पाण्याची इस्ट्रोजेनसारखी क्रिया घटली, काही औषधांचे अंश घटले. वॉटरलू विद्यापीठातले मार्क सर्व्होस आणि त्यांचे सहकारी दर वर्षी त्याच खळाळात उतरून तोच मासा तपासत होते, म्हणूनच पुढचं दिसू शकलं. २०१३ ते २०१५ या काळात इंटरसेक्स नरांचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आलं. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. सांडपाणी केंद्र सुधारल्यावर रानटी माशांतला हा बिघाड ओसरतो, असं दाखवणारा हा पहिलाच अभ्यास असल्याचं त्यांनी त्यात म्हटलं आहे.

कोणी म्हणेल, डार्टर जेमतेम चार वर्षं जगतो, नवी पिढी चांगल्या पाण्यात वाढली एवढंच. तसं असलं तरी मला ते पुरेसं मोठं वाटतं. ‘आधी घाण पाणी तर आवरा, संप्रेरकं वगैरे श्रीमंत देशांचे चोचले आहेत,’ असं मी आपल्याकडच्या सभांमध्ये ऐकलं आहे. किचनरमध्ये ही दोन कामं वेगळी निघाली नाहीत. जिवाणूंना पुरेशी हवा आणि पुरेसा वेळ द्यायचा, त्यात दोन्ही साधली.

संध्याकाळी ७.००

वेडर धुऊन निर्जंतुक करून टांगले. जाळ्यांची भोकं बघितली. बादल्यांवरचे क्रमांक आणि नोंदवहीतले क्रमांक जुळवून संगणकात चढवले. कंटाळवाणं काम, पण एक लेबल चुकलं तर एका माशाचा जीव वाया गेला.

रात्री ९.४५

भारतात सव्वासात. भिगवणच्या मासळी बाजारात मामाची वेळ गडबडीची असते, तरी फोन त्याचाच आला.

“काय गं पोरी, झोपली नाहीस व्हय अजून? आज किती मासं चिरलं?”

सांगितलं. मामाचा धंदा उजनीच्या पाण्यावर. १९८० साली पुरं झालेलं भीमेवरचं धरण, आणि भीमेत वरून मुळा-मुठेचं पाणी येतं, म्हणजे पुणे-पिंपरीचं सगळं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते, कोणत्याही राज्याहून जास्त. मामाला हा आकडा सांगावा लागत नाही. जाळ्यात काय येईनासं झालंय ते त्याला माहीत आहे.

“मग आमच्या चिलापीचं बघ की एकदा.”

“मामा, चिलापी नको. एक तर ती बाहेरून आणलेली. तग धरून राहण्यात पटाईत, शिवाय धरणभर फिरणारी. आणि शेततळ्यांतल्या चिलापीला पिलं असताना खाद्यातूनच नराचं संप्रेरक देतात, सगळे नर व्हावेत म्हणून. त्यातली एखादी सुटून धरणात आली तर काय वाचणार तिच्या अंगात? दगडाला धरून राहणारा मासा हवा. मळ्या मिळतो का हल्ली?”

“मळ्या?” तो जरा थांबला. “वरच्या अंगाला मिळतो. खाली न्हाई दिसत.”

हा मासा कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली तेव्हा शास्त्रात आला, आणि शास्त्रीय नावातही त्याचं ‘मुल्या’ हे इथलंच नाव राहिलं. वाहत्या पाण्यातल्या दगडांना तोंडाने घट्ट धरून राहतो. आमच्या डार्टरचं काम तिकडे करायला त्याच्याइतका योग्य मासा मला तरी सुचत नाही. पुण्याच्या वर, धरणांच्या बाजूला एक जागा, शहराच्या खाली जिथे तो शेवटचा सापडतो तिथे दुसरी, आणि दर वर्षी त्याच हंगामात, त्याच दगडांपाशी. महागडी यंत्रं नंतर. काचपट्टी आणि साधा सूक्ष्मदर्शक कुठल्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात असतो.

“मी बर्फात घालून ठिवतो, तू आलीस की बघ,” मामा म्हणाला.

“बर्फातला चालत नाही मामा. मेल्यावर आतलं लगेच बिघडायला लागतं. तपासणारा माणूसच काठावर हवा, मासा जिता असताना.”

“मग माणूस धाड. होडी मी देतो.”